नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

सुट्टीवर गावी गेलो की पारावर दोन प्रश्न हमखास येतात. "तुमची रायफल किती लांब मारते रे?" आणि "मिनिटाला किती गोळ्या सुटतात?" वर्तमानपत्रांचंही फारसं वेगळं नसतं. सैन्याने नवी रायफल घेतली की बातमीत कॅलिबर येतं, पल्ला येतो, वजन येतं, किंमत तर येतेच. एक आकडा मात्र मी मराठी बातमीत आजवर वाचलेला नाही: त्या रायफलीच्या नळीचा पीळ किती.

गोळी सरळ जाणार की हवेत गटांगळी खाणार, हे त्या आकड्यावर ठरतं. तोही एकटा पुरत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो, तो म्हणजे गोळीची लांबी. हे दोन जुळले तर रायफल, जुळले नाहीत तर महागडी काठी. माझं म्हणणं एवढंच आहे की रायफल आणि गोळी ही दोन वेगळी शस्त्रं समजून घेणं, तपासणं आणि शिकवणं आपण थांबवलं पाहिजे. ते एकच शस्त्र आहे. त्याचा अर्धा भाग कोतमध्ये ठेवतात आणि अर्धा मॅगझिनमध्ये भरतात, इतकंच.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, खाली आलेले सगळे आकडे जगभर छापलेले आहेत आणि कुणालाही मिळतात. वर्दीतल्या माणसाने जे लिहू नये ते इथे नाही.

आधी पीळ म्हणजे काय ते पाहू. रायफलीच्या नळीत आतून खाचा कापलेल्या असतात. त्या सरळ जात नाहीत, दोराच्या पिळासारख्या गोल फिरत पुढे जातात. गोळी नळीतून जाताना त्या खाचांत रुतते आणि फिरत बाहेर पडते. गोळीची एक पूर्ण फेरी व्हायला नळीची किती लांबी लागते, तो त्या नळीचा पीळ. आपल्या जुन्या एसएलआरचा पीळ १२ इंचांना एक फेरी, म्हणजे ३०५ मिलिमीटर. आकडा लहान तेवढा पीळ घट्ट. ७ इंचांचा पीळ १२ इंचांच्या पिळापेक्षा घट्ट, ही गोष्ट नवशिक्याला उलटी वाटते, म्हणून लक्षात ठेवावी.

या फिरण्याचा वेग ऐकला की माणूस गप्प होतो. एसएलआरची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. दर ३०५ मिलिमीटरला एक फेरी, म्हणजे सेकंदाला सुमारे २,७५० फेऱ्या, मिनिटाला एक लाख पासष्ट हजार. ७ इंचांचा पीळ असलेल्या ५.५६ च्या नळीतून सेकंदाला ९०० मीटरने सुटलेली गोळी मिनिटाला तीन लाखांच्या वर फिरते.

एवढं फिरवायचं कशासाठी? टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं आणि हवेचा दाब तिच्या पुढच्या भागावर बसतो. त्यामुळे हवा तिला सारखी उलटी करायला बघते. फिरणं बंद झालं तर ती दोन हात गेल्यावर आडवी होईल. भोवऱ्याचंही असंच असतं. उभा ठेवला तर पडतो, फिरवला तर उभा राहतो. आता दोन भोवरे डोळ्यांसमोर आणा. एक बसका आणि जाड, दुसरा उंच आणि बारीक. बसका भोवरा हळू फिरला तरी उभा राहील. उंच भोवऱ्याला जाळी जोरात ओढावी लागेल, नाहीतर तो लगेच डुलायला लागेल. गोळीचंही तसंच आहे. जितकी लांब, तितका घट्ट पीळ हवा.

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. 'जड गोळीला घट्ट पीळ लागतो' असं सर्रास बोललं जातं, अगदी जुनेजाणतेही म्हणतात. व्यवहारात ते बरेचदा खरं ठरतं, कारण एकाच जाडीची गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते. पण कारण वजन नव्हे, लांबी. थ्री-नॉट-थ्रीचं उदाहरण घ्या. तिची जुनी बोथट नाकाची गोळी २१५ ग्रेनची होती. १९१० साली टोकदार मार्क सात आली, ती १७४ ग्रेनची. जवळजवळ एक पंचमांश वजन गेलं. तरी गोळीची लांबी साधारण तेवढीच राहिली, कारण टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका माल भरला होता. म्हणून ली-एनफिल्डचा १० इंचांचा पीळ तसाच चालला आणि तीच रायफल दोन महायुद्धं लढून १९६२ मध्ये आपल्या जवानांच्या हातात होती. त्या वेळच्या कुणी फक्त वजन पाहून 'हलकी गोळी आली, आता पीळ सैल करू' असं ठरवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

इतिहासातलं आणखी एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. १८५७ च्या उठावात ज्या रायफलीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती १८५३ ची एनफिल्ड. काडतुसांची चरबी आपण शाळेत शिकलो, नळी कुणी शिकवली नाही. त्या नळीचा पीळ होता ७८ इंचांना एक फेरी, आणि नळी ३९ इंच लांब. म्हणजे गोळी नळीत अर्धीच फेरी घेऊन बाहेर पडायची. तेवढी पुरायची, कारण .५७७ ची ती शिशाची गोळी जाड आणि आखूड होती, आपला बसका भोवरा.

त्याच सुमारास मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने वेगळा मार्ग धरला. हा तोच व्हिटवर्थ, ज्याच्या नावाचे आटे आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत अजून ओळखले जातात. त्याने गोळीचं वजन एनफिल्डइतकंच, ५३० ग्रेन ठेवलं. पण ती .४५१ च्या बारीक नळीत बसवली, त्यामुळे गोळी लांब झाली. मग तिला सांभाळण्यासाठी पीळ केला २० इंचांना एक फेरी, एनफिल्डच्या जवळजवळ चौपट घट्ट. १८५७ च्या चाचण्यांत व्हिटवर्थने एनफिल्डला सपशेल मागे टाकलं. रायफल महाग होती आणि बारीक नळी काजळीने लवकर भरायची, म्हणून सैन्याने ती घेतली नाही. पण वजन तेच ठेवून लांबी आणि पीळ बदलले की अचूकता कुठल्या कुठे जाते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

हा हिशेब साध्या सूत्रात बसवला अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या वुलिचच्या प्राध्यापकाने, १८७९ साली. तो तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवायचा. सूत्र इतकं सोपं की दहावी पास मुलगा खडूने फळ्यावर सोडवील. गोळीच्या जाडीचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. आलेलं उत्तर म्हणजे लागणारा पीळ. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ८५० मीटरच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घ्या. सूत्र शिशाच्या गोळीसाठी आहे आणि ढोबळ आहे. पुढे २००५ साली डॉन मिलर यांनी वजन धरणारं अधिक नेमकं सूत्र मांडलं. तरी दीडशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही बरोबर दिशा दाखवतो.

करून बघू. ५.५६ च्या गोळीची जाडी ५.७ मिलिमीटर, वर्ग ३२.५. पॉइंट टू-टूची गोळीही जवळपास याच जाडीची. पॉइंट टू-टूची गोळी सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि वेग कमी. ३२.५ गुणिले १५० भागिले १२, उत्तर ४०६ मिलिमीटर, म्हणजे १६ इंच. जगातल्या बहुतेक पॉइंट टू-टू रायफलींचा पीळ १६ इंचच असतो. आता अमेरिकन एम-१६ ची जुनी ५५ ग्रेनची गोळी, लांबी सुमारे १९. वेग जास्त, म्हणून १८०. उत्तर ३०८ मिलिमीटर, १२ इंच. एम-१६ए१ चा पीळ बरोबर १२ इंच होता. १९८० साली नाटोने ठरवलेली बेल्जियमची एसएस-१०९ गोळी, लांबी सुमारे २३. उत्तर १० इंच. तिच्या जोडीची ट्रेसर, लांबी जवळपास २९. उत्तर ८ इंच, आणि ट्रेसरमध्ये शिशाच्या जागी हलकं मिश्रण असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा घट्ट. म्हणून एम-१६ए२ आला तो ७ इंचांच्या पिळाने.

जाडी एकच असताना पीळ १६ पासून ७ पर्यंत. नुसतं कॅलिबर सांगून काहीच कळत नाही, ते यासाठी. आणि आणखी एक गोष्ट पाहा. एसएस-१०९ ला एवढा घट्ट पीळ लागत नव्हता. ७ इंच ठरवले ते ट्रेसरसाठी. नळीचा पीळ तिच्यातून जाणाऱ्या सर्वांत लांब गोळीवरून ठरवावा लागतो, नेहमीच्या गोळीवरून नाही.

जोडी जुळली नाही तर काय होतं, त्याचा धडा अमेरिकनांनी दोनदा घेतला. पहिली एआर-१५ आली तेव्हा तिचा पीळ १४ इंच होता. उबदार हवेत गोळी ठीक जायची. कडाक्याच्या थंडीत चाचणी घेतली तेव्हा ती डळमळायला लागली, आणि १९६३ मध्ये पीळ १२ इंच करावा लागला. दुसरा धडा नवी एसएस-१०९ जातीची गोळी आल्यावर मिळाला. जुन्या १२ इंचांच्या एम-१६ए१ मध्ये ती बसते, सुटते, आवाजही तोच. पण पीळ सैल, त्यामुळे हवेत आडवी होते. म्हणून त्यांच्याच पुस्तकात लिहून ठेवावं लागलं की ही गोळी या रायफलीतून फक्त आणीबाणीत वापरावी, तीही ९० मीटरच्या आत. चेंबरमध्ये गोळी बसली म्हणजे ती त्या रायफलीची झाली असं नाही, हे या एका ओळीत आलं.

मग सगळ्या नळ्यांना सर्वांत घट्ट पीळ देऊन टाकला तर? हा प्रश्न वर्गात दर वेळी कुणीतरी हुशार मुलगा विचारतो आणि विचारायलाच हवा. उत्तर द्रागुनोव्हकडे आहे, आपल्या कित्येक स्नायपरांची पहिली रायफल. ती मूळ बनली तेव्हा पीळ ३२० मिलिमीटर होता, स्नायपरच्या गोळीला साजेसा. पुढे लक्षात आलं की लांब पोलादी गाभ्याची चिलखतभेदी आग लावणारी गोळी त्या पिळात स्थिर राहत नाही. म्हणून १९७० च्या दशकात पीळ घट्ट करून २४० केला. लांब गोळी सुधारली, पण स्नायपरच्या गोळीची अचूकता घटली. रशियन मापाप्रमाणे उभा फैलाव १.०४ मिनिटांवरून १.२४ मिनिटांवर गेला. ३०० मीटरवर हिशेब केला तर ९ सेंटिमीटरच्या जागी ११. कारण असं की कुठलीच गोळी शंभर टक्के समतोल नसते. गाभा केसभर बाजूला असतो, आवरण एका बाजूला किंचित जाड असतं. गरजेपेक्षा जास्त फिरवलं की तो दोष वाढून दिसतो. सायकलचं वाकडं चाक हळू चालवलं तर जाणवत नाही, उतारावर हँडल थरथरायला लागतं, तसं.

द्रागुनोव्हचा पीळ बदलणारे चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना एकाच रायफलीतून दोन कामं हवी होती, त्यांनी किंमत मोजली आणि ती मोजून मोजली. तडजोड करावीच लागते. ती कागदावर लिहून, आकड्यांसह केलेली असावी. अंधारात झालेली तडजोड ३०० मीटरवर जवानाला कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आता हे आज बोलायचं कारण. माझ्या नोकरीची सुरुवात झाली तेव्हा पायदळातल्या साध्या जवानाचं गणित सोपं होतं. इन्सास आणि तिची ५.५६, त्याशिवाय काही हातांत एके. आज पाहा. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ घेतल्या, त्या ७.६२ बाय ५१ च्या. डिसेंबर २०२१ मध्ये एके-२०३ चा करार झाला, कारखाना अमेठीजवळ कोरव्याला, गोळी ७.६२ बाय ३९. द्रागुनोव्हची ७.६२ बाय ५४. नियंत्रण रेषेवर आता साकोच्या .३३८ रायफलीही आल्या. 'सेव्हन सिक्स टू' या एका नावाखाली तीन वेगळी काडतुसं, प्रत्येकाची गोळी वेगळी, आणि प्रत्येकाचे साधी, ट्रेसर, चिलखतभेदी असे आणखी प्रकार.

त्यातच जगभर गोळीचा गाभा बदलतो आहे. समोरचा बॉडी आर्मर घालून येतो, म्हणून पोलादी टोक हवं. शिसं विषारी, म्हणून तांबं हवं. पोलाद आणि तांबं दोन्ही शिशापेक्षा हलकी. तेवढंच वजन ठेवायचं तर गोळी लांब होणार, यातून सुटका नाही. अमेरिकेने २०१० मध्ये एम-८५५ए१ आणली, ती याच जातीची. वजन जुनंच, ६२ ग्रेन, पण गोळी लांब झाली. त्यांची अडचण झाली नाही, कारण ट्रेसरसाठी तीस वर्षांपूर्वी ठेवलेला ७ इंचांचा पीळ हाताशी होता. आपणही आज ना उद्या शिसं कमी करणार, भेदकता वाढवणार. तेव्हा आपल्या नळ्यांत तेवढी जागा शिल्लक आहे का, हे गोळीचं डिझाइन ठरवतानाच पाहावं लागेल, ती कोतमध्ये पोहोचल्यावर नव्हे.

आपल्याकडची व्यवस्थाही ध्यानात घ्या. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. दारूगोळा म्युनिशन्स इंडियाकडे गेला, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात. खडकीचा १८६९ चा कारखाना आणि भुसावळजवळचं वरणगाव तिच्याकडे. रायफली गेल्या ॲडव्हान्स्ड वेपन्सकडे, मुख्यालय कानपूर. बाहेरून येणाऱ्या रायफलींचे कारखाने तर आणखी वेगळ्या देशांत. या विभागणीत मला काही वाईट दिसत नाही, जगभर असंच असतं. पण नळी एका छपराखाली आणि गोळी दुसऱ्या छपराखाली बनत असेल, तर दोघांची पत्रिका जुळवणं हे वापरणाऱ्याचं काम होतं. ते काम आपलं, वर्दीवाल्यांचं. दुसरं कुणी करणार नाही.

हवेचाही विचार व्हायला हवा, आणि आपल्या देशात तो इतर देशांपेक्षा जास्त व्हायला हवा. हवा जितकी दाट, तितकी ती गोळीला जोरात उलटवते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण ३० टक्के विरळ, म्हणून तिथे गोळी जास्त स्थिर. उलट पंजाब-राजस्थानच्या मैदानात जानेवारीच्या पहाटे २-३ अंशांना हवा मे महिन्याच्या ४५ अंशांपेक्षा सुमारे १५ टक्के दाट. याचा अर्थ, पीळ आणि लांबी काठावर जुळलेली जोडी डोंगरात छान मारेल, मैदानात उन्हाळ्यात ठीक मारेल आणि हिवाळ्याच्या पहाटे दगा देईल. आपल्याकडे डोंगरात पास झालेल्या वस्तूला 'सगळीकडे चालेल' असं म्हणायची सवय आहे, कारण डोंगर सर्वांत कठीण. तेल गोठणं, धातू आखडणं, दम लागणं यांसाठी ते खरं आहे. गोळीच्या स्थिरतेसाठी मात्र सर्वांत कठीण परीक्षा खालच्या, थंड, दाट हवेतच होते.

एके-४७ बद्दल नेहमी म्हणतात की ती काहीही पचवते. त्यातही हाच हिशेब आहे. तिची गोळी आखूड, सुमारे २७ मिलिमीटर, आणि पीळ २४० मिलिमीटर. सूत्राने ३५० लागतो. एवढा हात सैल ठेवला म्हणून ती गोळीच्या प्रकाराबद्दल कुरकुर करत नाही. तिच्या अचूकतेच्या मर्यादा दुसरीकडून येतात. ज्या जवानाला २०० मीटरवर लढायचं आहे त्याला ही जोडी उत्तम. म्हणून मी सगळ्यांनी स्नायपरसारखा विचार करावा असं म्हणत नाही. सगळ्यांना आपल्या रायफलीचा हात किती सैल आहे, हे ठाऊक असावं एवढंच म्हणतो.

एक अनुभव सांगतो, कारण या सगळ्याचा भार शेवटी कुणावर पडतो ते त्यात आहे. एका ठिकाणी वार्षिक फायरिंग चालू होतं. साताऱ्याकडचा एक मुलगा, कायम चांगला मारणारा, ३०० मीटरवर टार्गेटभर गोळ्या सांडत होता. त्याला बाजूला काढून ट्रिगर, श्वास, पकड यांवर बरंच ऐकवून झालं होतं. तो मला म्हणाला, "साहेब, माझा हात तोच आहे. गोळी माझं ऐकत नाही." बटमधून मार्करला विचारलं, भोकं गोल आहेत का? तो म्हणाला, दोन-तीन लांबट आहेत, किल्लीच्या भोकासारखी. मग उस्तादांनी नळी उजेडाकडे धरली. पुढच्या भागातल्या खाचा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. कागदावर पीळ होता, नळीत उरला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण पोलादाचा जातो. त्याच लॉटच्या गोळ्या, तोच मुलगा, दुसरी रायफल. ग्रुप तळहातात मावेल असा आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि सुटका जास्त होती. शंभर माणसांसमोर 'याला फायरिंग येत नाही' असं ऐकल्यावर जे होतं, ते वर्दी घातलेल्यालाच कळेल.

लांबट भोक ही गोळीने लिहून पाठवलेली चिठ्ठी असते. हवेत आडवी झालेय, असं ती सांगते. कारण तीनपैकी एक असतं: पीळ आणि लांबी जुळत नाही, नळी झिजली आहे, किंवा गोळी जाडीला कमी आहे. तिन्हींत जवानाच्या बोटाचा संबंध नाही. म्हणून माझा आग्रह असा की ग्रुप बिघडला तर आधी भोकाचा आकार पाहा, मग लॉट नंबर, मग नळी, आणि सर्वांत शेवटी माणूस. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो, कारण माणसाला ओरडणं फुकट असतं.

शूटिंगच्या खेळात हे फार पूर्वीच रुजलं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. त्या पातळीच्या खेळात काडतुसांचे वेगवेगळे लॉट एकेका नळीतून मारून पाहतात, जो लॉट त्या नळीला मानवतो तोच घेतात. कागदावरच्या दहाच्या वर्तुळासाठी एवढी निगा राखली जाते. सैन्यात प्रत्येक रायफलीला वेगळा लॉट देणं शक्य नाही आणि तशी मागणीही वेडेपणाची. पण प्रत्येक प्रकारच्या नळीला प्रत्येक प्रकारची गोळी एकदा, दाट थंड हवेत, नव्या आणि अर्धी झिजलेल्या दोन्ही नळ्यांतून मारून पाहणं शक्य आहे. मागणीच्या कागदावर कॅलिबरच्या शेजारी 'वापरायची सर्वांत लांब गोळी' असा एक रकाना घालणं तर एका ओळीचं काम आहे.

काही सहकारी म्हणतात, जवानाला एवढं गणित कशाला? त्याला झिरो करता आलं, निशाणा धरता आला, पुरे. मला हे पटत नाही. आपला जवान घरी ट्रॅक्टरचा गिअर कुठल्या जमिनीत कुठला टाकायचा ते जाणतो, पंपाची अश्वशक्ती विहिरीच्या खोलीशी जुळवतो. त्याला भोवरा आणि पीळ समजायला दहा मिनिटं लागतात. फिरत्या मुठीची क्लिनिंग रॉड घ्यावी, घट्ट चिंदी लावावी, नळीत घालावी, रॉडवर खडूची खूण करावी आणि ढकलत जावं. खूण पूर्ण फिरून वर आली की रॉड किती आत गेली ते मोजावं. तो त्या रायफलीचा पीळ. हे एकदा स्वतःच्या हाताने मोजलेला जवान पुढे डब्यावरचा लॉट नंबर वाचल्याशिवाय गोळी भरत नाही. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

माजी सैनिक वाचकांपैकी अनेकांच्या हातून थ्री-नॉट-थ्री, एसएलआर, इन्सास अशा तीन-तीन पिढ्या गेल्या. प्रत्येक वेळी रायफल बदलली की आपण तिचं वजन आणि आवाज यांवर बोललो. आता पुन्हा पिढी बदलते आहे आणि या वेळी रायफलीबरोबर गोळीही बदलणार आहे. म्हणून तुमच्या घरातला, गावातला कुणी पोरगा नव्या रायफलीचा फोटो दाखवायला आला, तर ती किती लांब मारते हे विचारू नका. तिचा पीळ किती आणि तिच्यातली सर्वांत लांब गोळी केवढी, हे विचारा. त्याला उत्तर देता आलं तर त्याच्या उस्तादांनी काम चोख केलं म्हणायचं.